काकांचा गिलावा
जुन्या नाशकातल्या सराफ बाजारामागच्या वाड्यात राहणारे काका हट्टी. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर त्यांनी स्वतःच थापी धरून सिमेंटचा गिलावा चढवला. पावसाळा सरता सरता पोपडे सुटले, कोपऱ्यात पांढरा क्षार फुटला.

शेजारच्या तरुणाने वाद घातला नाही.

"काका, एवढाच तुकडा काढून बघू," म्हणत त्याने छिन्नी लावली. आतली वीट ओलीचिंब, बोटाने भुगा होईल अशी.

चुना सच्छिद्र असतो; भिंतीत चढलेली ओल त्यातून वाळून जाते. सिमेंट ती आतच कोंडतं. ऑगस्ट २०१९ सारखा गोदावरीला पूर आला की काठालगतच्या घरांना हे फारच भोवतं. हे जुने वाडे जपायला हवेत, म्हणून चुन्याला चुनाच हवा.

आता दोघे मिळून गिलावा उतरवताहेत. भिंत सुकली की चुना-वाळूचा हात.