आडनाव नसलेली जोडी

आमची धाकटी पोरगी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे साडेचारला उठते आणि मंगरूळपीरच्या रस्त्याने धावत सुटते. मुलींना 800 मीटर, मुलांना 1600 मीटर, मग 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे गुण 50, लेखीचे 100. हा सगळा हिशेब आता मलाही तोंडपाठ झाला आहे. रविवारी विहारात वंदना झाली की म्हाताऱ्या बाया तिला हटकून विचारतात, "पोलिसच कायले व्हाचं व बाई तुले?" ती हसून म्हणते, "टीव्हीतला दया दरवाजा तोडते नं, तसा तोडाचा हाय मले."

सगळ्या हसतात. मीही हसते. पण मनातल्या मनात मला एका वेगळ्याच दरवाजाची आठवण होते. ती सांगण्याआधी त्या टीव्हीतल्या दरवाजाबद्दल थोडे बोलते.

'सी.आय.डी.' ही मालिका सोनी वाहिनीवर 21 जानेवारी 1998 रोजी सुरू झाली. त्याच वर्षी 1 जुलैला अकोल्यातून आपला वाशीम जिल्हा वेगळा झाला. म्हणजे आपला जिल्हा आणि ती मालिका एका वयाची. ती काढणाऱ्या बी. पी. सिंग यांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनसाठी मराठीत 'एक शून्य शून्य' ही पोलिसांचीच मालिका केली होती आणि आपले शिवाजी साटम तिच्यातही होते. 'सी.आय.डी.' ऑक्टोबर 2018 मध्ये थांबली आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. आमच्या घरात मात्र जुने भाग पुन्हा पुन्हा पाहिले जात, त्यामुळे ती कधी थांबलीच नाही.

तिची रीत ठरलेली. आधी मुडदा सापडतो. मग साहेब बोटे फिरवत विचार करतात. दया आणि अभिजीत ही जोडी धावपळ करते. एक अंगाने दांडगा आणि कमी बोलणारा, दुसरा डोक्याने चालणारा. कधी दोघांत रुसवाफुगवा, पण एकावर गोळी चालली की दुसरा आडवा येतो. प्रयोगशाळेत डॉक्टर साळुंखे आणि साहेब यांची थट्टामस्करी चालते. फ्रेडरिक्स बायकोच्या धाकाच्या गोष्टी सांगून हसवतो. ते काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर 2023 मध्ये गेले, तेव्हा आमच्या घरात पाहुणा गेल्यासारखे वाटले. शेवटी दरवाजा तुटतो, एक थप्पड बसते आणि गुन्हेगार पोपटासारखा बोलू लागतो.

कितीतरी वर्षे पाहिल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दयाचे आडनाव काय? अभिजीतचे काय? साहेबांचे तरी काय? प्रद्युमन, एवढेच. डॉक्टरांना आडनाव आहे; पण जे जिवाला जीव देतात त्या जोडीला आडनावच नाही. शिवाय हे सगळे साध्या कपड्यांत. खाकी अंगावर नाही, म्हणून छातीवर नावाची पट्टीही नाही. लिहिणाऱ्याने मोठी सोय करून ठेवली आहे. आडनाव आले की गाव येते, गाव आले की वस्ती येते, आणि वस्ती आली की मैत्रीची गोष्ट इतकी सोपी राहत नाही.

आता तो दुसरा दरवाजा.

2011 साली आमच्या दोन एकरांतल्या विहिरीवरची मोटार केबलसकट चोरीला गेली. मी आणि माझा मोठा भाऊ फिर्याद द्यायला ठाण्यात गेलो. दरवाजा उघडाच होता, तोडायची गरज नव्हती. आत टेबलाशी दोन पोलीस, एक वयस्कर आणि एक तरणा. अगदी टीव्हीसारखी जोडी. भावाने मोटारीचे सांगितले. वयस्कराने विचारले, "पूर्ण नाव?" भावाने सांगितले. "हां, म्हणजे त्या वस्तीतले." मग गंमत सुरू झाली. मोटार खरेच होती का, का सरकारी योजनेतली मिळवून विकून टाकली? तुम्हा लोकांचे बरे आहे, सगळे फुकट मिळते. तो हसत होता. आम्ही त्याचे फ्रेडरिक्स झालो होतो. दुपारी बाराला बाकड्यावर बसलो ते दिवस कलेपर्यंत बसलो.

तरणा पोलीस काही बोलला नाही आणि हसलाही नाही. खाली मान घालून लिहीत राहिला. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर आडनाव होते, पण ते कोणत्याही समाजात सापडणारे. आम्ही निघालो तेव्हा तो पाणी प्यायच्या निमित्ताने मागे आला. झाडाखाली थांबून हळूच म्हणाला, "जयभीम." मग भरभर सांगितले, "उद्या लेखी अर्ज घेऊन या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. घेतच नसतील तर तोच अर्ज पोष्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा." ही तरतूद तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 154 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम 173 मध्येही ती आहे. वाचक भगिनींनो, हे कापून ठेवा, कामी येईल.

दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. फिर्याद नोंदली गेली आणि प्रतही मिळाली. मोटार काही सापडली नाही.

त्या तरण्या पोलिसाचे उपकार मी विसरले नाही. पण त्याचा तो जयभीम मला आजही टोचतो. आत दोघे एका टेबलाशी होते, एका किटलीतला चहा पीत होते. ती जोडी टिकून होती, कारण एकाने आपला जयभीम ठाण्याबाहेरच्या झाडाखाली ठेवला होता.

पोलिसांच्या जोडीची गंमत आपल्याला टीव्हीने शिकवली असे नाही. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य 1965 साली आले, त्यात दादा कोंडके हवालदार झाले होते. कोतवालाची जागा हवालदाराला मिळायची, ती वशिल्याने दुसऱ्याच माणसाला मिळते. मग हा हवालदार मैनावतीच्या मदतीने त्या कोतवालाकडूनच राजाचा पलंग चोरवतो. तमाशाची ही जुनीच रीत आहे. खालचा माणूस वरच्याची फजिती करतो आणि लोक खालच्याच्या बाजूने हसतात. ती कला पिढ्यान् पिढ्या आपल्याच गोरगरीब कलावंतांनी जगवली, म्हणून ती रीत तशी झाली असावी. आमच्या आज्याला त्यातल्या एका शब्दाचे फार हसू येई. राजाचा कोतवाल रुबाबदार, आणि आपल्या गावातला कोतवाल म्हणजे दवंडी पिटणारा, साहेबांचे दप्तर उचलणारा. ते काम बहुतेक आपल्याच माणसाच्या वाट्याला येई. टीव्हीच्या गोष्टीत मात्र ही रीत उलटली. तिथे जो लहान, तोच हसण्याचा विषय.

मग आडनावासकट जोडीची गोष्ट कोणी सांगितलीच नाही का? सांगितली आहे. माझ्या भाच्याने मागे मोबाइलवर 1967 सालचा एक अमेरिकन चित्रपट दाखवला, 'इन द हीट ऑफ द नाईट'. सिडनी पॉइटियर या काळ्या नटाने त्यात टिब्स नावाच्या पोलीस अधिकाऱ्याचे काम केले आहे. तो दक्षिणेतल्या एका लहान गावाच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेला असतो. काळा माणूस आणि खिशात पैसे, एवढ्यावरून त्याला खुनी समजून पकडतात. मग कळते की हा स्वतःच पोलीस. तिथल्या गोऱ्या प्रमुखाला त्याच्याच मदतीने तपास करावा लागतो. गोरा त्याच्या नावाची टिंगल करतो, तेव्हा तो ठणकावून सांगतो की माझ्या गावी मला मिस्टर टिब्स म्हणतात. एक श्रीमंत गोरा त्याला थोबाडीत मारतो, तर तो तिथल्या तिथे परत मारतो. शेवटी त्या दोघांत थोडीशीच ओळख होते, पण ती खरी वाटते. कारण कोणी काही लपवलेले नसते.

आपल्याकडे 2023 साली 'दहाड' ही मालिका आली. तिच्यातली अंजली भाटी राजस्थानात फौजदार आहे. ती जवळून गेली की ठाण्यातला एक कर्मचारी उदबत्ती पेटवतो. तिच्या वडिलांनी मेघवाल हे आडनाव बदलून भाटी केलेले असते. शेवटी ती आपले मूळ आडनाव परत घ्यायला जाते. तो प्रसंग पाहताना माझी पोरगी जागची हलली नाही.

त्याच रात्री तिने मला विचारले, "माय, मी ठाण्यात लागली त जयभीम आत म्हनाचं का बाहेर?"

मी लगेच उत्तर दिले, "पहिले नोकरी पक्की होऊ दे. तोवर बाहेरच म्हन."

ती काही बोलली नाही, चादर ओढून झोपली. मला झोप आली नाही. बाबासाहेबांनी 1954 साली आकाशवाणीवरून सांगितले होते की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतली नाहीत, तर आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली. बंधुता म्हणजे दोन माणसांची जोडीच की. पण ती जमवण्यासाठी एकाने आपले नाव गिळायचे असेल, तर तिला बंधुता कसे म्हणायचे? त्या तरण्या पोलिसाला मी दोष देत नाही. त्याचेही लेकरूबाळ असेल. आत बोलून काय भोगावे लागते हे तोच जाणे. पण त्या दिवशी तो आत म्हणाला असता, तर माझ्या भावाने बाकड्यावरून मान वर केली असती, एवढे मला ठाऊक आहे.

सकाळी पोरगी धावून आली तेव्हा मी चुलीपाशी होते. तिला म्हटले, "रातची गोष्ट मागे घेते मी. आतच म्हन." ती बुटाच्या नाड्या सोडत होती. म्हणाली, "माय, वर्दीवर नावाची पट्टी राह्यते. आपलं आडनाव वाचूनच समजते लोकायले. लपवाचं म्हटलं तरी लपत नाही."

मला हे सुचलेच नव्हते. भरतीचा निकाल काय लागायचा तो लागो. उद्या पहाटे साडेचारला मीही तिच्यासोबत उठणार आहे, वेळ मोजायला घड्याळ धरणारे कोणीतरी लागतेच.

जयभीम.