कान पुढच्या बाजूला लावा!

गाडीचा आवाज मागून येतो, सायलेन्सरमधून, हे आपण इतकं धरूनच चालतो की पुढच्या बाजूला कान लावून बघायचं कुणाला सुचत नाही. मलाही आमच्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या मिस्त्रीने सुचवलं. बॉनेट उघडं, गाडी चालू. तो म्हणाला, "सर, मी रेस देतो. तुम्ही फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी कान न्या." नेला. आणि अहो, काय सांगू! आतून खोल, घोगरा घुमारा, वर टर्बोची बारीक शीळ, आणि पाय सुटला की एकदम 'फुस्स'! हे सगळं माझ्याच गाडीत होतं! मालक मी, आणि बंद काचेआड बसून ऐकत काय होतो, तर एसीचा पंखा.

गाडी म्हणजे अबार्थ पुंटो, सेकंडहँड. पाच दारांची आहे, त्यामुळे तिला स्पोर्ट्स कार म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. मुरडोत बापडे. 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 145 बीएचपी, आणि बनली कुठे, तर आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, रांजणगावला! 2015 साली आली तेव्हा शोरूमची किंमत दहा लाखांच्या आतबाहेर होती. पळायला वारा. आवाज मात्र चारचौघींसारखा. अकोल्याच्या बाजारपेठेतून गेली तर कुणी मान वळवून बघणार नाही. त्यात समोरून अगस्ती कारखान्याचा उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या आणि ढणढण गाणी लावून, की आपलं इंजिन चालू आहे का बंद, हे काट्याकडे बघून ठरवायचं.

असं का, हे मिस्त्रीने पान्याने बॉनेटवर रेघोट्या ओढत समजावलं (रंगाचं काय झालं ते विचारू नका). टर्बोच्या गाडीत धूर बाहेर पडण्याआधी टर्बोची पाती फिरवतो. त्यात त्याचा बराचसा जोर आणि बराचसा आवाजही खर्ची पडतो. म्हणजे मागचं गाणं आधीच मवाळ झालेलं! पण पुढे? पुढे इंजिन हवा ओढतं, आणि ती सलग ओढत नाही, घोटाघोटाने ओढतं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन घोट घेतं. काटा 3000 वर असेल तर मिनिटाला 6000 घोट, सेकंदाला 100. हाच तो खालचा घुमारा! काटा 6000 वर नेला की तोच स्वर बरोब्बर एक सप्तक वर चढतो. हे कळलं तेव्हा मी गॅरेजमध्येच टाळी दिली.

मग तो आवाज जातो कुठे? कंपनीवाले तो मुद्दाम गिळतात. बहुतेक गाड्यांत फिल्टरकडे जाणाऱ्या नळीला बाजूला एक पोकळ डबी जोडलेली असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठरावीक स्वर निघतो ना? ती डबी त्याच तत्त्वावर चालते, फक्त उलटं काम करते: आपल्या मापाचा स्वर पकडून जिरवून टाकते. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे पोकळीतल्या नादाचं गणित मांडलं. आणि ते माझ्या बॉनेटखाली माझ्याच विरोधात वापरलेलं!

डबी काढली, तिच्या जागी घट्ट रबरी बूच, वर क्लिप. खर्च सांगायलाही लाज वाटेल इतका. कागदी फिल्टर काढून त्याच मापाचा धुऊन वापरता येणारा कापडी फिल्टर टाकला. तो तेवढा हजारांत गेला, आणि सगळ्यात मोठा खर्च तोच. डबा मात्र कंपनीचाच ठेवला. इंटरनेटवरची पोरं डबाच फेकून उघडा कोनवाला फिल्टर लावतात. आवाज त्याचा जबरदस्त, वादच नाही. पण तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात घाटघर! ज्याला लोक नगरची चेरापुंजी म्हणतात, त्या बाजूला उघड्या फिल्टरची गाडी न्यायची हिंमत माझ्यात नाही. इंजिनाने पाण्याचा एक मोठा घोट घेतला की आवाजाचा प्रश्न कायमचा मिटतो.

पण खरी गंमत पुढे आहे! मिस्त्री म्हणाला, "आवाज वाढवू नका सर, बाकीचे आवाज कमी करा." हे वाक्य ऐकून मी दोन मिनिटं गप्प झालो. सायलेन्सरवरची उष्णता अडवणारी पत्र्याची ढाल सैल होती, ती नेमकी विशिष्ट रेसला खणखणायची. एक क्लॅम्प आवळला, संपलं. एक्झॉस्ट लटकतो ते रबर कडक झालेलं, बदललं. डिकीत जॅक खडखडत होता, त्याला जुनी सतरंजी. डॅशबोर्डच्या सांध्यात कापडी टेप. दारांच्या आत ब्युटाइलची चिकट शीट. हे काम मी आणि भाच्याने रविवारी अंगणात केलं, आणि सौ.नी दाराचं पॅनल उघडं बघून जो चेहरा केला तो इथे वर्णन करण्यासारखा नाही. पण टायर आणि खडखड मागे पडली, आणि इंजिन पुढे आलं! जवळजवळ फुकटात!

मग राजूरच्या रस्त्याला लागलो. विठा घाट. दुसरा गिअर, दरडीच्या बाजूची काच पूर्ण खाली. लक्षात घ्या, फक्त दरडीच्या बाजूची! आवाज कातळावर आपटून सरळ कानात येतो. चढाला पाय दाबला तर आधी घशातली गुरगुर, मग टर्बोची शीळ चढत चढत वर, वळणाआधी पाय उचलला की 'फुस्स'. तो 'फुस्स' म्हणजे टर्बोने दाबून ठेवलेली, आता नकोशी झालेली हवा झडप उघडून परत फिल्टरच्या बाजूला सोडली जाते, तिचा. पूर्वी तो डब्यातच मरायचा. मी वळण नसतानाही पाय उचलायला लागलो. भाचा म्हणाला, "मामा, पेट्रोल जळतंय." जळू दे!

आणि आवाजाचं हे वेड लागल्यावर अबार्थचाच इतिहास शोधला तर काय निघावं! कार्लो अबार्थ, जन्म व्हिएन्नाचा, रास वृश्चिक, म्हणून बॅजवर विंचू. 1949 साली इटलीत कंपनी काढली आणि नाव कमावलं कशावर? छोट्या, स्वस्त फियाट गाड्यांसाठी सायलेन्सर विकून! साध्या माणसाच्या गाडीला परवडणाऱ्या पैशात गळा द्यायचा, हाच त्यांचा धंदा. त्याच फियाटची 1100 आपल्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात बनवली आणि पुढे तिची पद्मिनी झाली. म्हणजे नातं जुनं आहे.

मग मी सायलेन्सर का नाही बदलला? मोह झाला होता. वेल्डिंगवाला मागचा डबा कापून सरळ पाइप टाकून द्यायला एका पायावर तयार. पण असा पाइप हायवेवर एकाच रेसला कवटीत घुमत राहतो, आणि कायदा तर उघड आहे. मोटार वाहन नियमांत सायलेन्सर सक्तीचा आहे, नव्या कारला बाहेरच्या आवाजाची 74 डेसिबलची मर्यादा आहे. गाड्यांच्या अशा चाचण्या करणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक, व्हीआरडीई, खुद्द आपल्या नगरला आहे. बुलेटचे फटाका सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात ते सगळ्यांनी पाहिलंय. आणि रंधा, शेंडी, भंडारदरा हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून. मे-जूनमध्ये लोक काजवे बघायला येतात तिथे बोंबलत जाणारा माणूस मला स्वतःलाच आवडत नाही. माझा आवाज माझ्यापुरता, आतल्या आत. बाहेरच्याला तीच जुनी पुंटो.

मोठ्या कंपन्यांनाही हा आवाजाचा रोग आहे बरं का. बीएमडब्ल्यूने मागच्या दशकातल्या एम5 मध्ये इंजिनाचा आवाज चक्क स्पीकरमधून वाजवला! एवढी कोटीची गाडी, आणि टेप लावायचा? टोयोटाने 86 या गाडीत मात्र खरी नळी दिली: हवेच्या वाटेवरून निघून थेट केबिनच्या भिंतीपर्यंत, मध्ये थरथरणारा पडदा. कंपनीने दिलेली, खऱ्या आवाजाची नळी!

हे मिस्त्रीला फोटोसकट दाखवलं. त्याने चष्मा वर करून बघितलं, कोपऱ्यातून ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा जुना होस पाइप ओढला, मापला, आणि म्हणाला, "उद्या सकाळी या."