मंगळावरचा प्लॉट

'द मार्शियन'वर इंटरनेटवर सगळ्यात जास्त वाद झाला तो वादळावरून. सुरुवातीलाच मंगळावर असं वादळ येतं की अँटेना उखडते, परतीचं यान कलंडायला लागतं आणि मार्क वॉटनी मेला असं समजून बाकीचे निघून जातात. प्रत्यक्षात मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का. तिथं वारा कितीही जोरात सुटला तरी त्याचा धक्का झुळुकेइतकाच. कादंबरीकार अँडी विअरला हे माहीत होतं. गोष्ट सुरू करायला त्यानं ही एक सूट घेतली. बाकी यानांच्या कक्षांपासून बटाट्यांच्या कॅलरीपर्यंत त्यानं हिशोब मांडून ठेवलेत. २०१५ साली सिनेमा आला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते आणि भेटेल त्याला ही वादळाची चूक सांगत होते.

डिसेंबर २०२३ मध्ये माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, हा सिनेमा पाहिला. त्यांना वादळाबद्दल काहीच आक्षेप नव्हता. "वादळाला काय, येतं कधीबी," एवढंच म्हणाले.

आमची दोन एकर द्राक्षं निफाड तालुक्यात. २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारा पडल्या. गारा पट्ट्यानं पडतात. आमच्या खालच्या प्लॉटवरून पट्टा गेला, वरचा प्लॉट बऱ्यापैकी वाचला. मध्ये फक्त एक बांध. खालच्या प्लॉटमध्ये पानांच्या चिंध्या झाल्या होत्या, घडांचे मणी फुटले होते, आणि दोन दिवसांनी कुजका वास यायला लागला. मी पुण्याहून सुट्टी टाकून आले, नंतर वर्क फ्रॉम होम घेऊन राहिले. करण्यासारखं फार काही नव्हतंच. फुटके घड काढायचे, औषध मारायचं आणि वरच्या प्लॉटला जपायचं.

त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. मोटर चालू करायला नाना जागे राहायचे, त्यांना सोबत म्हणून मी. पंपाच्या खोलीत बाजेवर बसून, दोघांत एक गोधडी घेऊन, माझ्या मोबाइलवर आम्ही सिनेमा बघितला. हिंदी डबिंगमध्ये, तीन रात्रींत, तुकड्यातुकड्यानं. लाइट आली की पॉज.

वॉटनी मंगळाची माती घमेल्या-घमेल्यानं आत आणतो, त्यात सहकाऱ्यांची पाकीटबंद विष्ठा कालवतो आणि बटाटे कापून लावतो, तिथं नाना सरसावून बसले. डोळे किती ठेवले ते बघायला त्यांनी मला मागं न्यायला लावलं. मग पाणी. रॉकेटच्या इंधनातलं हायड्रॅझिन फोडून हायड्रोजन काढायचा, तो जाळायचा, की पाणी. पहिल्या प्रयत्नात स्फोट होऊन वॉटनी भिंतीवर आदळतो. नाना खूप दिवसांनी हसले. "आपण विहिरीला सुरुंग लावले तेव्हा असंच झालं होतं." मी त्यांना सांगितलं की २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडलेत, ते विषारी असतात, त्यामुळे तसे बटाटे खाता आले नसते. ते म्हणाले, "क्षार पाण्यात विरघळत असतील तर माती धुवायची." परक्लोरेट पाण्यात विरघळतात. माती धुण्याचा हाच उपाय विअरच्या वाचकांनीही काढला होता.

सोलचं मला समजावून सांगावं लागलं नाही. मंगळाचा दिवस म्हणजे सोल, आपल्यापेक्षा साधारण चाळीस मिनिटांनी मोठा. वॉटनी प्रत्येक नोंदीआधी सोलचा आकडा सांगतो. आमच्याकडं तारखेला काही अर्थ नसतो, छाटणीनंतरचा कितवा दिवस हे विचारतात. औषध, डिपिंग, विरळणी, सगळं त्या आकड्यावर. नाना भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रोज पेन्सिलनं दोन आकडे लिहितात, एक खालच्या प्लॉटचा, एक वरच्या. दोन्हीची छाटणी १ ऑक्टोबरला झाली होती, म्हणजे आकडे सारखेच असायचे, तरी दोन लिहायचे. २६ नोव्हेंबरच्या चौकोनात ५६ आणि ५६ आहे. २७ पासून एकच आकडा.

दुसऱ्या रात्री आम्ही एअरलॉक फुटतो तिथवर आलो. तो प्रसंग मला आठवत होता. पुढं ढकलावा का, असा विचार मनात आला, पण तोवर झालंच. मोठा आवाज, आणि हिरवंगार शेत एका क्षणात मंगळाच्या थंडीत. वॉटनी परत येतो तेव्हा रोपं गोठून काळी पडलेली. तो हात लावतो, पान मोडतं.

नाना काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. स्क्रीनवर वॉटनी फुटलेल्या भागावर प्लॅस्टिक ताणून टेप मारतो आणि रात्री बटाटे मोजत बसतो. बाहेर वाऱ्यानं ते प्लॅस्टिक फडफडतं. एक टक्का हवेत ते तसं फडफडणार नाही, हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

थोड्या वेळानं नाना म्हणाले, "काढलेले राहिलेत ना त्याच्याकडं?"

"हो, काढलेले बटाटे आहेत."

"मग जगंल."

वास्तववादी सायन्स फिक्शन म्हणजे काय यावर मी कितीतरी व्हिडिओ बघितलेत. सगळे कक्षा, दाब, गुरुत्वाकर्षण तपासतात. पीक गेल्यावर माणूस आधी काय करतो हे कुणी तपासलेलं मी पाहिलं नाही. तो मोजतो. २६ च्या संध्याकाळी नाना टॉर्च घेऊन खालच्या प्लॉटमध्ये गेले होते आणि एकेका झाडाचे शाबूत घड मोजत होते. मला ते तेव्हा वेड्यासारखं वाटलं होतं.

शेवटच्या रात्री सुटका. नासा, चीनचं रॉकेट, परत फिरलेले सहकारी, चौकाचौकांत स्क्रीन बघत उभी गर्दी. मला वाटलं नाना याला फिल्मी म्हणतील. ते म्हणाले, "बरोबर दाखवलंय. विहिरीत माणूस पडला की गाव जमतं." मग मोटरचा स्टार्टर दाबायला उठता उठता म्हणाले, "पिकासाठी नाही जमत. आणि याला बटाटे विकायचे नव्हते, हे एक बरं."

थंडी वाढली होती. कडाका पडला की निफाडचा पारा बातम्यांत येतो आणि इकडं मण्यांची फुगवण थांबते, पुढं तडे जातात. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. वरच्या प्लॉटसाठी आम्ही दोन्ही केलं.

गारपिटीनंतर सगळीकडं प्लॅस्टिकचा विषय सुरू झाला. लोखंडी सांगाडा उभारून बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालायचं. खर्च एकरी काही लाख. मी कोटेशन मागवलं. कर्ज माझ्या पगारावर निघेल, नानांच्या सातबाऱ्यावर आता निघणार नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. ते काढलं तर पुढची काही वर्षं मी नोकरी सोडू शकत नाही आणि ते बाग सोडू शकत नाहीत. दोघांच्याही मनात सोडायचं आहे की नाही, हे आम्ही एकमेकांना विचारलेलं नाही.

कोटेशनची पीडीएफ नानांनी माझ्या मोबाइलवर दोन बोटांनी मोठी करून वाचली. मग विचारलं, "त्याचं ते टेप मारलेलं किती दिवस टिकलं होतं गं, ताई?"

मी म्हटलं, "बघायला लागंल."