मागचा डावा टायर

गाडीच्या चाकात हवा भरण्याचे, हातात मावणारे आणि बॅटरीवर चालणारे एक यंत्र आम्ही गेल्या वर्षी विकत घेतले. एवढ्याशा खरेदीवर निबंध लिहावा असे त्यात काय आहे, हा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु ही निवड करण्यात आमचे जवळजवळ दोन महिने गेले, आणि त्या काळात आम्हा दोघांच्या घरात दुसरा विषय नव्हता.

श्रावणातल्या एका रात्री अडीचच्या सुमारास आईंना (आमच्यापैकी एकीच्या त्या सासूबाई) धाप लागली. पंपाने आवरेना. श्वासाच्या औषधाच्या त्या लहानशा डबीलाही आपण 'पंप'च म्हणतो, हे त्यापूर्वी आमच्या कधी लक्षात आले नव्हते. त्यांना धरून खाली आणले, तो गाडीचा मागचा डावा टायर जमिनीला टेकलेला. तो हळूहळू उतरतो आहे हे आम्हाला चार दिवसांपासून ठाऊक होते. रोज सकाळी 'आज संध्याकाळी अण्णांकडे नेऊ' असे एक जण म्हणे आणि दुसरा मान हलवी. डिकीतली स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नव्हती. दोन वर्षांत तिला कोणी हातच लावला नव्हता. शेवटी शेजारच्यांना उठवले आणि त्यांच्या टेम्पोतून रुग्णालय गाठले. या सगळ्यात वीस-पंचवीस मिनिटे गेली. आई पाच दिवसांनी घरी आल्या. डॉक्टर काही बोलले नाहीत. कागदावर दाखल झाल्याची वेळ लिहिलेली होती. ती आम्ही दोघांनीही वाचली आणि तिच्याविषयी एकमेकांशी बोललो नाही.

'स्टेपनी' या शब्दाची कथा भाषेच्या अभ्यासकांनी ऐकण्याजोगी आहे. वेल्समधील लानेली या गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक तयार करून विकायला आरंभ केला, आणि तिथल्या स्टेपनी रस्त्यावरून त्याला नाव दिले. त्यापूर्वीच्या मोटारींना असे चाक नसेच. इंग्रजी भाषेने तो शब्द केव्हाच टाकून दिला. आपल्याकडे मात्र तो घरचा झाला, आणि त्याला जे इतर अर्थ चिकटले ते इथे सांगण्याचे कारण नाही. आता ही वस्तूही जाण्याच्या मार्गावर आहे. ट्यूबलेस टायर, दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे साहित्य असेल तर लहान प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही, अशी दुरुस्ती केंद्राने जुलै २०२० मध्ये नियमांत केली. असो.

यंत्र घ्यायचे ठरले तेव्हा आमच्यासमोर तीन पर्याय होते. पायाने दाबायचा पंप सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ. पण मोटारीचा टायर त्याने भरताना घाम निघतो, आणि आमच्यापैकी एकाचा गुडघा त्याला राजी नव्हता. गाडीच्या सॉकेटवर चालणारा वायरचा पंप आमच्या मते अजूनही उत्तम सौदा आहे. त्याला चार्जिंगची आठवण ठेवावी लागत नाही. पण आमच्या स्कूटरला सॉकेट नाही, आणि मुलीच्या सायकलला तर नाहीच. म्हणून बॅटरीचा.

इथून पुढे खोक्यांवरील मजकूर वाचण्याचे काम सुरू झाले. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकुराविषयी जी सावधगिरी आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, ती सगळी इथे कामी आली. प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१५० पीएसआय' लिहिलेले. आमच्या गाडीला लागतात ३३. चालकाच्या दाराच्या खांबावर पट्टी असते, तिच्यावर ते छापलेले आहे. (टायरच्या कडेवरचा मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो, हे आम्हाला या वयात कळले.) तेव्हा दीडशेचा उपयोग काय? दाब किती चढतो यापेक्षा मिनिटाला हवा किती जाते हे मोटारीच्या टायरसाठी महत्त्वाचे, आणि ते बहुतेक खोक्यांवर बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच.

बॅटरीचा आकडा त्याहून फसवा. एकावर '६००० एमएएच', दुसऱ्यावर '२०००'. आम्ही अर्थातच सहा हजारांकडे झुकलो होतो. महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी कागदावर गुणाकार करून दाखवला: ३.७ व्होल्टवर सहा हजार आणि तीन सेल एकापुढे एक जोडून ११.१ व्होल्टवर दोन हजार, दोन्ही मिळून ऊर्जा तेवढीच, सुमारे २२ वॅट-तास. एकच गोष्ट दोन प्रकारे सांगितलेली! निवेदनाच्या तंत्रावर आम्ही इतकी वर्षे व्याख्याने देत आलो, आणि खोक्यावरच्या निवेदकावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवणार होतो.

अखेर मध्यम आकाराचे, अडीच हजारांच्या आसपासचे यंत्र घेतले. ठरवलेला आकडा आला की आपोआप थांबणारे. वजन दोन जाड दिवाळी अंकांएवढे. आवाज मिक्सरसारखा, रात्री लावले तर वाडीभर दिवे लागतील. आठ-दहा मिनिटांनी त्याला विश्रांती द्यावी लागते, आणि नळीचे तोंड इतके तापते की पहिल्या दिवशी बोट भाजले. कोंडून दाबलेली हवा तापते, हे शाळेत वाचलेले तेव्हा बोटाला कळले. ते गाडीत कायम ठेवावे असे वाटते, पण एप्रिलच्या उन्हात बंद गाडी म्हणजे भट्टी, आणि असल्या बॅटरीला ते मानवत नाही. घरात ठेवावे तर रस्त्यात उपयोग नाही. हा पेच आम्ही शबनम पिशवीने सोडवला आहे. सायकलच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्वला, ज्याच्यात रबराची बारीक नळी असते, वेगळी टोपी लागते. शिवाय तो व्हॉल्व एकमार्गी. आतला दाब बाहेर कळूच देत नाही. तिथे अजून अंगठाच खरा.

रोजच्या वापराचा लाभ मात्र वेगळ्याच ठिकाणी निघाला. टायरमधला दाब मोजायचा तो टायर थंड असताना, गाडी निदान तीन तास उभी असताना. कोरेगावहून साताऱ्यापर्यंत वीसेक किलोमीटर उन्हातून आल्यावर पेट्रोल पंपावर आकडा बघितला तर तो वाढलेलाच दिसतो, आणि आपण समाधानाने कमी हवेवर घरी जातो. आमचे कित्येक वर्षे हेच चालले होते.

यंत्र घेतल्याचे अण्णांना सांगताना आम्ही थोडे ओशाळलोच. अण्णा मूळचे केरळचे. कोपऱ्यावरची त्यांची टपरी आम्ही साताऱ्यात आलो त्याच्याही आधीची. महाविद्यालयाच्या मुलांच्या सायकलींत ते फुकट हवा भरतात. त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "चांगलं आहे सर. पण याने हवा जाते आत, भोक नाही बुजत. एकच टायर सारखा भरायला लागला तर इकडे आणा. नाहीतर तुम्ही रोज भरत बसणार, आणि बरं वाटणार."

त्यांनी ते सहज म्हटले. श्रावणातली ती रात्र त्यांना ठाऊक नव्हती. मात्र त्या दिवसापासून आम्ही दर रविवारी सकाळी चारही चाकांचे आणि स्टेपनीचे आकडे एका वहीत लिहू लागलो. मागच्या डाव्याचे पंक्चर तेव्हाच काढून झाले होते. पुढे कित्येक महिने तो ३३ वर राहिला. गेल्या महिन्यात एका रविवारी ३० दिसले. भरले. पुढच्या रविवारी पुन्हा ३०. पुन्हा भरले, दोन मिनिटांचे तर काम. तिसऱ्या रविवारी एक जण यंत्राची नळी जोडायला वाकला होता आणि दुसऱ्याने वही उघडली. दोघांनीही तो रकाना पाहिला. नळी गुंडाळून पिशवीत ठेवली.

आईंना त्या दिवशी देवळात न्यायचे होते, त्या मागे बसून होत्या. तशीच गाडी अण्णांकडे नेली. त्यांनी बोट थुंकीने ओले करून व्हॉल्ववर धरले. बुडबुडा आला नाही. मग जॅक लावला. आईंना उतरवून टपरीतल्या स्टुलावर बसवले. चाक पाण्याच्या टबात फिरवताना रिमच्या काठाशी बारीक बुडबुड्यांची एक ओळ उठली.

"किती वेळ लागेल रे?" आईंनी विचारले.

"दहा मिनिटं, आजी. बसा तुम्ही."