एक रकाना वाढव

चि. बाळास,


परवा फोनवर म्हणालास, "आत्या, लग्नं अडवायला पोलीस आहेत. माझ्या टेबलावर घनकचऱ्याचा आराखडा पडलाय, त्याचं सांग." मी राग गिळून गप्प बसले. 2006 चा कायदा काढून बघ. आपल्या राज्यात गावापुरता बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच, मदतीला अंगणवाडीताई. आता तुम्हाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, म्हणून हे काम गळून पडलं नाही.

बरं, आराखड्याचं. पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपये. तेवढ्यात शहरासारख्या घंटागाडीची स्वप्नं बघू नकोस. शेण, पालापाचोळा, खरकटं गावातच जिरव. पुसदच्या पांढरीपांड्यांचं नाडेप टाकं त्यासाठीच आहे. सुक्याला एक शेड पुरेल. पण आधी घरोघरी जा. माणसांच्या संख्येला कचऱ्यानं गुणून बसल्या जागी आकडे भरणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यांच्यात तू नको. आणि उंबरठ्यापर्यंत जाणारच आहेस, तर तक्त्यात एक रकाना वाढव. घरात शाळा सुटलेली मुलगी आहे का, वय काय, आईबाप यंदा ऊसतोडीला कारखान्यावर जाणार का, आणि गेले तर ती कुणाकडे राहणार.

मी हे बोलायला लागले की घरात सगळे हसतात. हसू देत. मांडव उभा राहिल्यावर पोचलेला अधिकारी फार तर त्या दिवसाच्या अक्षता थांबवतो. तोवर बापानं मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे पोरीचं लग्न लागलं की आणखी एक कोयता उभा राहतो. नाहीतर तरणी पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? याचं उत्तर त्याला कुणी दिलेलं नसतं, तू नुसतं कलम वाचून दाखवणार! अक्षय्य तृतीयेला दवंडी देऊन फोटो काढणं सोपं. तुमच्याकडे टोळ्या निघायच्या आधी, दिवाळीच्या आगेमागेही लग्नं उरकतात. म्हणून यादी दसऱ्याच्या आत हवी. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गेला तर सातवी-आठवीतल्या तरी वाचतील.

2019-21 च्या पाहणीत राज्यात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली. तुमच्या बीडमध्ये 40 टक्क्यांच्या वर. 1891 मध्ये संमतिवय दहाचं बारा करायचं म्हटलं तर पुण्यात केवढा धुरळा उडाला होता! पुढे 1929 च्या सारडा कायद्यात मुलींच्या लग्नाचं वय चौदा झालं, 1978 मध्ये अठरा. कागद चढत गेला.

तरीही कुठे ठरलंच तर दंडाधिकाऱ्याकडून कलम 13 खाली मनाई हुकूम आण. तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. एरवी बहुतेक बालविवाह आपोआप रद्द होत नाहीत. मुलीलाच कोर्टात जावं लागतं, तेही वीस पूर्ण व्हायच्या आत. कडेवर लेकरू असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरीला हे सांगायला कोण जातं? तुझ्या आधीचे कुणी गेले होते का, विचारून बघ.

घाटावरची ती निळ्या ओढणीची आठवते ना? हमीपत्रावर बापाचा अंगठा घेतला, सगळे चहा पिऊन परतले. पुढे तिच्या दारात कोण गेलं? नंतर जे कळलं ते मी तुला तेव्हाही सांगितलं नाही, आताही लिहीत नाही. हमीपत्र घेतलंस तर दर महिन्याला ताईला पाठव, ती रजेवर असली तर तू जा. मुलगी डोळ्यांनी दिसली पाहिजे. "मामाकडे गेलीय" म्हणाले तर मामाचं गाव लिहून घे.

आणि सरपंचांच्या भावकीतलं लग्न निघालं तर एकटा जाऊ नकोस, बीट हवालदाराला आधी कळव. खोलीवर एकटाच राहतोस, रात्रीबेरात्री मोटारसायकलवरून फिरतोस, त्यानं माझ्या जिवाला घोर लागतो. वहिनीला यातलं काही बोलू नकोस, तिचं बीपी वाढतं.

नाडेपच्या भिंतींना भोकं ठेवायला गवंड्याला बजाव. ते हमखास बुजवून टाकतात, मग आत हवा जात नाही आणि घाण वास सुटला की लोक तुझ्याच नावानं ओरडतात. उत्तर लिहून पाठव, फोनवर तू नुसता हो-हो करतोस.

तुझी,
आत्या