फजरनंतरचं माझगाव

माझगाव म्हटलं की डोळ्यांपुढे गोदी येते, जीएसटी भवन येतं, डॉकयार्ड रोड स्टेशनाबाहेरची गर्दी येते. शांत रस्ता हवा असेल तर माथेरानला जावं, नाहीतर सुट्टीत कोकणात गावी जावं, असंच आपण धरून चालतो. पण फजरच्या नमाजपासून शाळेच्या बसगाड्या सुरू होईपर्यंतच्या तासाभरात याच माझगावात एक गाव दिसतं. ते पायी फिरूनच दिसतं. चालत निघालात तरी हरकत नाही. जमलं तर थोडं धावावं.

सुरुवात डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळच्या टेकडीपासून करावी. जुने लोक तिला भंडारवाड्याची टेकडी म्हणतात. माथ्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. या बागेखाली पालिकेचा पाण्याचा मोठा जलाशय आहे. म्हणजे आपण वर फेऱ्या मारतो तेव्हा पायाखाली शहराचं पिण्याचं पाणी असतं. इथेच पूर्वी इंग्रजांचा छोटा किल्ला होता. 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने शिवडीला फौज उतरवली, माझगाव ताब्यात घेतलं आणि 1690 मध्ये परत जाताना हा किल्ला उद्ध्वस्त केला. आज तिथे सकाळी कुणी प्राणायाम करतं, कुणी तसबीह हातात घेऊन फेऱ्या मारतं.

चढ चढून आल्यावर पूर्वेकडच्या बाजूला दम घ्यायला थांबलं की खाली रेल्वेचे रूळ, गोदीच्या क्रेन आणि पलीकडे खाडीचं पाणी दिसतं. आपल्या घरांतले कितीतरी वडीलधारे याच मुंबई बंदरातून जहाजाने हजला गेले. धक्क्यावर निरोप द्यायला सगळी बिल्डिंग जायची, या गोष्टी आपण नानीकडून ऐकलेल्या आहेत. 1995 नंतर जहाजाचा प्रवास बंद झाला आणि हाजी विमानाने जाऊ लागले. विमानाने प्रवास सोपा झाला, पण तिथे पोहोचल्यावर चालायचं अंतर कमी झालेलं नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

टेकडी उतरून आतल्या गल्ल्यांकडे वळलं की म्हातारपाखाडी लागते. पाखाडी हा शब्द कोकणातल्या माणसाला नवा नाही. मुंबईत या नावाची ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे. उतरती कौलं, लाकडी जिने, कोरीव कठड्यांच्या गॅलऱ्या, दारापुढे तुळशीसारखा जपलेला क्रॉस आणि ओट्यावर झोपलेली मांजरं. लोकमान्य टिळकांचे मित्र आणि वकील, होमरूल चळवळीतले पुढारी जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा यांचा जन्म 1864 मध्ये इथलाच. पुढे 1925 मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. टेकडीवरच्या बागेला त्यांचंच नाव आहे.

या गल्लीत धावू नये, चालावं. रस्ता अरुंद आहे आणि माणसांच्या खिडक्या रस्त्यालगत आहेत. अंगण झाडणाऱ्या आंटीला ‘गुड मॉर्निंग’ म्हणावं, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. दुसऱ्याच्या मोहल्ल्यातून जाण्याचा हा अदब आपल्या मुलांना पुस्तकातून शिकवता येत नाही. आजूबाजूला उंच इमारती उभ्या राहत आहेत. ही कौलं किती वर्षं टिकतील हे कुणी सांगावं? म्हणून मुलांना एकदा तरी इथून न्यावं.

पुढची वाट नावांनीच गोड आहे. अंजीरवाडी, ताडवाडी. आज तिथे चाळी आणि इमारती आहेत, पण नावं सांगतात की इथे कधीकाळी झाडं होती. माझगावचा आंबा तर एके काळी इतका नावाजलेला होता की इथली काही झाडं वर्षातून दोनदा फळ द्यायची, अशी नोंद जुन्या लोकांनी करून ठेवली आहे. याच परिसरात हसनाबाद आहे. 1881 मध्ये मुंबईत वफात झालेले पहिले आगाखान हसन अली शाह इथे दफन आहेत. घुमट लांबूनही दिसतो. थोडं आडबाजूला गेलं तर माझगावच्या चिनी वस्तीचं जुनं देऊळही आहे. तासाभराच्या फेरीत एवढ्या कौमांच्या खुणा एकाच वाटेवर भेटतात.

इंग्लंडमध्ये खेड्यापाड्यांतून, शेतांच्या बांधांवरून जाणाऱ्या पायवाटांवर धावण्याची मोठी आवड आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा आहेत. शेत कुणाचंही असो, त्या वाटेवरून जाण्याचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. 2004 मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये मोजक्या लोकांनी सुरू केलेली शनिवार सकाळची 5 किलोमीटरची मोफत दौड आज अनेक देशांत होते. तिथे आजी धावतात, बाबागाडी ढकलत आयाही धावतात, कुणी नुसतं चालतं.

माझगावचे रस्तेही सगळ्यांचे आहेत, कायद्याने कुणी अडवलेलं नाही. तरी सकाळी टेकडीवर पाहिलं तर आपल्या घरांतले पुरुष दिसतात, बायका थोड्या दिसतात आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुली जवळजवळ दिसतच नाहीत. शाळेत मी हे रोज पाहते. सहावी-सातवीपर्यंत ज्या मुली मधल्या सुट्टीत मुलांना मागे टाकतात, त्याच आठवी-नववीत भिंतीला टेकून उभ्या राहतात. कुणी त्यांना बस म्हणून सांगितलेलं नसतं. ओढणी आली की धावणं संपतं, असं त्यांनीच ठरवलेलं असतं, कारण घरातल्या कुठल्याच मोठ्या बाईला त्यांनी धावताना पाहिलेलं नसतं.

दीनमध्ये तर असं काही नाही. अबू दाऊदच्या संग्रहात हदीस आहे की एका सफरीत रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत आयशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि हजरत आयशा जिंकल्या. पुढे काही काळाने, त्यांचं वजन वाढल्यावर, पुन्हा शर्यत झाली आणि या वेळी आप (स.) जिंकले आणि मागच्या हारजितीची फिट्टंफाट झाल्याचं त्यांनी हसतखेळत सांगितलं. नवराबायकोतली ही मजेची गोष्ट आहे, आणि ती उम्मतने शतकानुशतकं जपून ठेवली आहे. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन जिंकणाऱ्या सिफान हसन यांचं घ्या. सुवर्णपदक घ्यायला त्या हिजाब घालून उभ्या राहिल्या.

आणि मघाशी सांगायचं ठेवलेली हजची गोष्ट. सफा आणि मरवा यांच्यामधली सई म्हणजे काय? पाण्यासाठी तहानलेल्या बाळाला ठेवून निर्जन वाळवंटात धावलेल्या एका आईची, हजरत हाजरा यांची आठवण. तिथली एक फेरी सुमारे 450 मीटरची, अशा सात. म्हणजे तीन किलोमीटरच्या वर चाल, तीही तवाफ झाल्यानंतर. मिना, अरफात, मुजदलिफाची पायपीट वेगळी. आपल्याकडे हजचा फॉर्म भरला की दुआ पाठ करण्याची तयारी सुरू होते, आणि ती व्हायलाच हवी. पण गुडघ्यांची तयारी सुरू होत नाही. मग तिथे व्हीलचेअर शोधण्यात वेळ जातो. साठीच्या अम्मीने सहा महिने आधीपासून टेकडीवर आठवड्यातून चार दिवस चालायला सुरुवात केली, तर तिची सई तिच्याच पायांनी होईल, इन्शाअल्लाह.

डायबिटीसचं तर काय सांगावं! 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना हा आजार आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिशेब केला तर पाच दिवस, रोज अर्धा तास. टेकडीची एक चढउतार आणि बागेतल्या चार फेऱ्यांत तो निघतो.

नवीन असाल तर एकदम धावू नका. तीन मिनिटं चाला, एक मिनिट हळू धावा, पुन्हा चाला. सैल सुती कुर्ता, पिन लावलेला स्कार्फ आणि घट्ट बसणारे बूट एवढं सामान पुरतं. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, आधी डॉक्टरांना विचारावं आणि खिशात दोन खजूर ठेवावेत. पावसाळ्यात टेकडीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा सपाट रस्ता धरावा. रमजानमध्ये ही चाल इफ्तारनंतर ठेवावी. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर बिल्डिंगमधल्या दोघी-तिघींनी मिळून जावं. तीन बायका एकत्र चालताना दिसल्या की चौथी आपोआप येते.

आणि बरोबर मुलीला न्यावं. तिच्या अब्बांनी, भावानेही यावं. तिला काही समजावून सांगायची गरज नाही. अम्मी धापा टाकत टेकडी चढते आणि वर पोहोचून हसते, एवढं तिने पाहिलं की पुरे. परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या रविवारी सुरुवात करा. परतताना बेकरीतून गरम पाव घ्या. घरी चहा होईपर्यंत तो गरमच असतो.