पोलादी मांडवाखालची बालवाडी

भारतातून पाहुणे आले, की आपल्या सगळ्यांची यात्रा ठरलेली असते. बकिंगहॅम पॅलेस, मादाम तुसाँ, स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचं घर आणि वेळ उरलाच तर लेक डिस्ट्रिक्ट. इतकी वर्षं इथे काढल्यावर या ठिकाणांच्या कार पार्कचे दरसुद्धा आपल्याला पाठ झालेले असतात! या खेपेला मात्र आम्ही आमच्यापुरती एक वेगळीच यात्रा काढली. ना राजवाडा, ना तळं. लंडनच्या उत्तरेला लागून असलेल्या हर्टफर्डशरमधल्या लहान मुलांच्या शाळा बघायच्या, आणि त्याही रस्त्यावरून!

"शाळा कसल्या बघायच्या?" असं मित्रमंडळींनी विचारलंच. कारण घरातलंच होतं. आमच्या नातीला ज्या प्राथमिक शाळेच्या नर्सरीत घालायचं चाललं होतं, तिथे नर्सरीची नवी इमारत उभी राहत होती. आम्ही जाता-येता बघायचो. एका आठवड्यात चकचकीत पत्र्याच्या पन्हाळ्यांचा सांगाडा उभा राहिला, पुढच्या पंधरवड्यात त्यावर छप्पर आलं. वीट नाही, गवंडी नाही. सूनबाईंनी कौतुकाने त्याचा फोटो सांगलीला आईला पाठवला. तिकडून लगेच फोन! "अगं, पत्र्याच्या शेडमध्ये पोर ठेवणार? गोडाऊन आहे का ते?" झालं. सूनबाईंच्याही मनात पाल चुकचुकली. सप्टेंबर 2025 पासून इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आईबापांच्या नऊ महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्याला तीस तास सरकारी खर्चाने मिळू लागले हे खरं, पण तास मिळाले तरी जागा मिळायला हवी ना! ही जागा सोडली तर दुसरी मिळेपर्यंत सूनबाईंचं कामावर परतणं लांबणार होतं. महिनाअखेरपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

आमच्या मंडळातले एक स्नेही, निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर, हे ऐकून हसले. म्हणाले, "होय-नाही मागाहून ठरवा. आधी या देशात पोरांच्या डोक्यावर पोलादी मांडव पहिल्यांदा कुणी घातला ते बघून या. मीच गाडी काढतो."

त्याप्रमाणे एका शनिवारी आम्ही दोघं, ते आणि वहिनी असे चौघं निघालो. सोबत थालीपीठं आणि चहाचा थर्मास होताच. एम पंचवीसवरून ए टेनला लागलं की पहिलं मोठं गाव चेशंट. हा ली नदीच्या खोऱ्यातला भाग एके काळी टोमॅटो-काकड्यांच्या काचघरांसाठी प्रसिद्ध होता. आपल्या लखनौमध्ये जन्मलेला क्लिफ रिचर्ड पोरवयात राहिला तोही इथेच, पण आपला विषय तो नाही. इथली बर्ली प्राथमिक शाळा हे आमचं पहिलं ठिकाण.

शाळा दिसायला अगदी साधी. कुणाला सांगूनही पटणार नाही, की जगभरचे आर्किटेक्ट या गावाचं नाव घेतात. 1946 ते 1948 या काळात ती बांधली गेली आणि तिच्यापासून हर्टफर्डशरच्या पोलादी सांगाड्याच्या शाळांची रांग सुरू झाली. तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. महायुद्ध नुकतंच संपलेलं. 1944 च्या शिक्षण कायद्याने शाळा सोडण्याचं वय पंधरावर नेण्याचं ठरवलेलं, आणि 1947 साली ते अमलातही आलं. लंडनची वस्ती स्टीव्हनेज, हॅटफील्ड, हेमेल हेम्पस्टेड इथल्या नव्या गावांत हलणार होती. त्यात युद्धानंतर जन्मलेल्या पोरांची लाट! विटा मिळत नव्हत्या आणि गवंडी होते ते घरांच्या कामावर गुंतलेले. सरकारचा सोपा उपाय म्हणजे काँक्रीटच्या बराकी उभ्या करणं. तो इतर ठिकाणी झालाही.

हर्टफर्डशरने तो नाकारला. तिथले शिक्षणाधिकारी जॉन न्यूसम, काउंटी आर्किटेक्ट हर्बर्ट ॲस्लिन आणि त्यांच्या हाताखालचे स्टिरट जॉन्सन-मार्शल, डेव्हिड मेड, मेरी क्रॉली ही तरुण मंडळी यांनी वेस्ट ब्रॉमिचच्या हिल्स कंपनीला हाताशी धरलं आणि हलक्या पोलादी खांब-तुळयांचा एक संच तयार करवला. 8 फूट 3 इंच, म्हणजे अदमासे अडीच मीटर, हे त्याचं माप. या मापाच्या चौकटीत खांब कुठेही ठेवा, खोली लांबवा, वळवा, पुढे-मागे करा. सुटे भाग कारखान्यातून लॉरीने यायचे आणि जागेवर बोल्टने जोडायचे. बाहेरून काँक्रीटच्या तयार फरशा नाही तर काच. भिंतीवर भार नाही, ती नुसता आडोसा. याच रीतीने त्या एका परगण्यात 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत शाळांनी शंभराचा आकडा गाठला.

"यात नवल ते काय?" आमचे स्नेही म्हणाले. "तुमच्या कोकणातलं घर कसं असतं? आधी खांब, वर वासे, मग छप्पर, आणि शेवटी कूड. भिंत पडली तरी घर उभं. सातारा-पुण्याचे वाडेसुद्धा सागवानी सांगाड्यावरच उभे राहिले." आपल्याकडे जाड भिंत म्हणजे भक्कम घर असं डोक्यात पक्कं बसलंय. पण 1993 साली किल्लारीला माणसं गाडली गेली ती मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींखालीच. हे त्यांनी सांगितलं आणि गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

पण खरी गोष्ट पोलादाची नाहीच. बराकीसुद्धा पोलादाच्या होऊ शकतात! या मंडळींचं वेगळेपण असं, की सांगाड्याने वाचवलेला वेळ त्यांनी पोरांकडे बघण्यात घालवला. मेरी क्रॉलीचे वडील शिक्षण खात्यात वैद्यकीय अधिकारी होते, त्यामुळे मुलांची वाढ हा विषय तिने घरातच ऐकलेला. ही मंडळी वर्गांत जाऊन बसत आणि शिक्षिका काय करतात, पोरं कुठे घोळका करतात ते बघत. हात धुवायची बेसिनं पोरांच्या उंचीची मिळत नव्हती, तेव्हा ती मुद्दाम बनवून घेतली. खुर्च्या-टेबलं, कोट अडकवायचे हूक, खिडकीची पट्टी, सगळं पाच वर्षांच्या पोराच्या नजरेतून ठरवलं. प्रत्येक मुलाच्या जागेवर बाहेरच्या उजेडाचा निदान 2 टक्के तरी भाग पोहोचावा हा सरकारी दंडक पाळायला वॉटफर्डजवळच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनचे शास्त्रज्ञ मदतीला आले. भिंतीवर भार नाही म्हणूनच एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवता आल्या. पोलादाचा खरा फायदा इथे दिसतो!

थर्मासचा चहा पिताना वहिनींना आठवण झाली ती ताराबाई मोडकांची. (त्या स्वतः पूर्वी बालवाडीच्या शिक्षिका.) 1945 साली, म्हणजे चेशंटच्या शाळेच्या एकच वर्ष आधी, ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघांनी तिथे जन्म वेचला. ताराबाईंकडे पोलाद तर सोडाच, धड इमारतही नव्हती. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. माँटेसोरीची महागडी साधनं परवडेनात म्हणून शिंपले, बिया, काड्या घेतल्या. आज भारतभर रुळलेला अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. इकडे काच-पोलाद, तिकडे शेणाने सारवलेलं अंगण. पण दोन्हीकडे आधी पोराकडे पाहिलं, छपराचा विचार मागाहून केला.

चेशंटहून हर्टफर्डमार्गे वेलविन गार्डन सिटी. तिथली टेम्पलवुड शाळा 1949-50 ची. आज ती संरक्षित इमारतींच्या यादीत आहे, म्हणजे एखादा जुना किल्ला जपावा तशी सरकारने जपलेली. झाडीतून बुटक्या, सपाट छताच्या वर्गखोल्या आणि मोठाल्या खिडक्या दिसतात. आतल्या भिंतींवर मुलांसाठी मुद्दाम चित्रं रंगवून घेतलेली आहेत, पण आत जायला मिळणार थोडंच! चार पिकल्या केसांची माणसं शाळेच्या कुंपणाशी कॅमेरा घेऊन उभी म्हटल्यावर कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका बाईंनी आमच्याकडे दोनदा वळून पाहिलं. आम्ही कॅमेरा मुकाट्याने पिशवीत टाकला.

पुढे स्टीव्हनेजला बार्कले शाळा, मोठ्या मुलांची. याच सांगाड्याच्या घराण्यातली. हिच्यासाठी हेन्री मूरचं 'फॅमिली ग्रुप' हे ब्राँझचं शिल्प घेतलं गेलं. आई, बाप आणि दोघांच्या हातात मूल. त्याचीच एक प्रत टेट गॅलरीच्या संग्रहात आहे. विटा रेशनवर असतानाच्या काळात शाळेसाठी हेन्री मूर!

परतताना मोटरवेवर आमच्या स्नेह्यांनी नाण्याची दुसरी बाजू सांगितली, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल. हर्टफर्डशरची कल्पना नॉटिंगहॅमशरने उचलली. तिथे कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचते. मग डोनल्ड गिब्सन यांच्या कचेरीने असा सांगाडा काढला, की ज्याचे सांधे बिजागरीसारखे आणि आडव्या-तिरप्या ताणांना स्प्रिंगा. जमिनीची लाट आली की इमारत होडीसारखी तिच्यावर डोलणार. 1957 मध्ये अनेक काउन्सिलांनी मिळून 'क्लास्प' नावाचा संघ केला आणि 1960 साली मिलानच्या प्रदर्शनात त्यांच्या शाळेला सर्वोच्च बक्षीस मिळालं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. पद्धत गाजली, मागणी वाढली, आणि पोराकडे बघणारी नजर मागे पडून कॅटलॉग पुढे आला. हलक्या छताखाली, खोट्या सिलिंगच्या वर, एक लांबच लांब पोकळी असते. 1974 च्या डिसेंबरमध्ये नॉटिंगहॅमजवळ एडवॉल्टन इथे याच पद्धतीने बांधलेल्या वृद्धाश्रमाला आग लागली. ती या पोकळीतून पसरली आणि अठरा म्हातारी माणसं गेली. शिवाय अशा कित्येक इमारतींत पोलाद आगीपासून जपायला ॲस्बेस्टॉस भरलेलं. त्यावर संपूर्ण बंदी आली ती 1999 साली. साडेपाचशे अंशांच्या आसपास पोलादाची जवळजवळ निम्मी ताकद जाते, म्हणून त्याला पांघरूण हवंच. पांघरूण कसलं घातलं आणि पोकळी कुठे कुठे अडवली, हाच प्रश्न विचारायचा.

आमच्या नातीच्या नर्सरीचा सांगाडा वेगळ्या पिढीचा. जस्त चढवलेल्या पातळ पत्र्याची गुंडाळी यंत्रात घालून इंग्रजी सी अक्षरासारखे वासे काढतात. जाडी दोन-तीन मिलिमीटरसुद्धा नसते. "पण पोस्टकार्ड आडवं धरलं तर वाकतं, दुमडून पन्हाळ केलं तर पेन तोलतं, तसंच हे," स्नेह्यांनी एका वाक्यात समजावलं. दोष दोन. पोलादातून थंडी सरळ आत येते, म्हणून उबेचा थर सांगाड्याच्या बाहेरून हवा. आणि जाड भिंत नसल्याने उन्हाळ्यात खोली भराभर तापते. 19 जुलै 2022 रोजी लिंकनशरमध्ये पारा 40.3 वर गेला होता, हे आपण विसरलेलो नाही.

पुढच्या बुधवारी नर्सरीत पालकांना बोलावलं होतं. सूनबाईंबरोबर आम्ही दोघंही गेलो, प्रश्नांचा कागद घेऊन. जागेचं उत्तर चोख मिळालं. दोन वर्षांच्या मुलाला अडीच चौरस मीटर आणि तीन वर्षांपुढे 2.3 हा नियम आहे, इथे त्याहून जास्त होती. हूक आणि बेसिनं खाली. खिडकीची पट्टी इतकी खाली, की नात गुडघ्यावर न चढता बाहेरचा चिखल बघत बसली. उबेचा थर बाहेरून. उन्हाचं विचारल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, दक्षिणेच्या बाजूला छपरी नकाशात आहे, पैसे संपले. सिलिंगच्या पोकळीबद्दल त्यांना ठाऊक नव्हतं. "इतकं कुणी विचारलं नव्हतं," असं म्हणत त्यांनी वहीत टिपून घेतलं.

आठ दिवसांनी कंत्राटदाराकडचे फोटो आले. आमच्या स्नेह्यांनी ते डायनिंग टेबलवर पसरून भिंगाने पाहिले. प्रत्येक खोलीच्या वर पोकळी अडवणारा पडदा होता. स्वयंपाकघराच्या वरचा फोटो तेवढा नव्हता, तो परत मागवला आणि तोही आला.

फॉर्म शुक्रवारी गेला. छपरीसाठी पालकांनी वर्गणी सुरू केली आहे, त्यात आम्ही पंचवीस पौंड घातले. सांगलीला अजून काही कळवलेलं नाही. दिवाळीत त्या इकडे येणार आहेत, तेव्हा स्ट्रॅटफर्डच्या आधी त्यांना चेशंटला न्यायचं ठरलंय.